सुधारित आवृत्ती

शिपायानं पार्सलची सुतळी ओढून तोडली, वरची प्रत काढून बाहीनं पुसली आणि तिच्यासमोर ठेवत म्हणाला, "घ्या मॅडम, तुमचं बाळ." स्टाफरूममध्ये हशा पिकला. मुखपृष्ठावर निळ्या उजेडाला बोट लावणारा एक हात होता. त्याच्यावर 'व्यवसाय माहिती प्रणाली : प्राथमिक ओळख', त्याखाली तिरक्या पट्टीत 'सुधारित आवृत्ती', आणि अगदी तळाशी, सरांच्या नावाखाली, जरा बारीक टाइपात, पहिल्यांदाच, तिचं नाव. ती त्या नावाकडे बघत राहिली. आपलं नाव छापलेलं बघताना आत काहीतरी व्हायला हवं असं तिला वाटलं, आणि तसं काहीतरी होऊही लागलं होतं, गळ्याशी कोमट असं. पण बोटांना सवय होती. त्यांनी तेवढ्यात पहिलं प्रकरण उघडलं, तीन चौकटींच्या आकृतीपाशी आणून ठेवलं, आणि तिला तो बाण दिसला. होता तसाच होता. उलटा. तिनं पुस्तक मिटलं. एका प्रतीत चूक आहे आणि दुसरीत नाही असं छापील पुस्तकात होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरीही तिनं पार्सलमध्ये हात घालून दुसरी प्रत काढली, मग तिसरी. अकाउंट्सचे सर बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "नाव सापडत नाही का? खाली बघा, खाली. भिंग आणू?" पुन्हा हशा. तीही हसली. चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत तिनं कपाला हात लावला नाही.

आकृती अगदी साधी आहे. एका ओळीत तीन चौकटी. पहिलीत इनपुट, मधलीत प्रोसेस, तिसरीत आउटपुट. पहिलीतून मधलीत आणि मधलीतून तिसरीत जाणारे दोन आखूड बाण, आणि खालच्या बाजूनं एक लांब वळणदार रेघ, तिच्यावर लिहिलेलं : फीडबॅक. ही रेघ तिसऱ्या चौकटीतून निघून पहिलीकडे परत यायला हवी. जे बाहेर पडलं ते कसं निघालं, हे आत घालणाऱ्याला कळायला हवं, म्हणजे पुढच्या खेपेला तो शहाण्यासारखं घालेल. दुकानात काय खपलं ते कळलं तर काय मागवायचं ते कळतं, इतकं ते सोपं आहे. पुस्तकात मात्र रेघेचं टोक दुसऱ्या बाजूला होतं. रेघ पहिल्या चौकटीतून निघायची आणि तिसरीत शिरायची. म्हणजे जे आत आलं तेच मधल्या चौकटीला वळसा घालून, काहीही न होता, जसंच्या तसं बाहेर पडायचं. तिनं एकदा वैतागून हे नवऱ्याला समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हटलं होतं, "मग बरोबरच आहे की. तुमच्या कॉलेजची आकृती आहे ती." त्यावर ती हसली होती आणि मग तेवढ्याचसाठी दिवसभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. त्याला तो विनोद वाटत होता. तिला तो बाण चपलेतल्या खड्यासारखा वाटत होता. खड्यानं कोणी मरत नाही, पण नीट चालताही येत नाही.

फीडबॅकची ही गोष्ट तिला पुस्तकातून कळलेलीच नव्हती. ती तिला गच्चीवर कळली होती. बाबांनी पाण्याच्या टाकीत तेलाचा एक रिकामा डबा झाळून बंद केला होता आणि जाड तारेनं तो नळाच्या तोंडाशी असा बांधला होता, की पाणी चढलं की डबा चढायचा आणि डबा चढला की नळ मिटायचा. त्यांनी तिला काखेत धरून टाकीच्या काठावर उचललं होतं. आत अंधार होता, शेवाळाचा गार वास होता आणि तो डबा हळूहळू डुलत वर येत होता. "बघ," बाबा म्हणाले होते, "पाणीच नळाला सांगतंय, आता पुरे." पुढे प्रयोगशाळेत याच गोष्टीचं समीकरण फळ्यावर आलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही, तिला फक्त शेवाळाचा वास आला. बाबांना असल्या खटपटींची हौसच होती. जिन्यातल्या दिव्याला त्यांनी दोन बटणं लावली होती, एक खाली, एक वर, कुठूनही लावा, कुठूनही मालवा. ती आणि दादा त्यावर खेळत. दादा खाली, ती वर, आणि एक-दोन-तीन म्हणून दोघं एकदमच बटण दाबत. दिवा नुसता डोळा मिचकावल्यासारखा करायचा आणि होता तसाच राहायचा. दादा खालून म्हणायचा, तू दाबलंच नाहीस. ती वरून म्हणायची, तूच दाबलं नाहीस, मी दाबलं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, दोघांच्याही हातावर देईन एकेक.

भौतिकशास्त्रात पदवी घेऊन ती बाहेर पडली तेव्हा भौतिकशास्त्राला कोणी नको होतं. कॉमर्स कॉलेजात नवा विषय सुरू झाला होता आणि तिथं 'कॉम्प्युटर येणारं' कोणीतरी हवं होतं. तिला येत होता, कारण प्रयोगांची गणितं ती त्यावर करायची. तात्पुरती म्हणून आली आणि तात्पुरतीचीच कायम झाली. विभागाचे प्रमुख म्हणजे सर. त्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक तिच्या हातात देऊन सांगितलं होतं, "यातलं शिकव, याच्या बाहेर जाऊ नकोस, सुखी राहशील." पहिल्या तासाच्या तयारीलाच तिनं तो बाण पाहिला होता. छापताना झालं असेल म्हणून तिनं हसत हसत सरांना दाखवला. सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अगं, बाण इकडं गेला काय आणि तिकडं गेला काय, मुलं चौकटी मोजतात. पुढच्या आवृत्तीत बघू." पुढची आवृत्ती आली. तिच्यात मुखपृष्ठावरचा संगणक जाऊन पृथ्वीचा गोल आला, प्रकरणांची खालीवर अदलाबदल झाली, 'ई' हे अक्षर जागोजागी पुढे लागलं आणि बाण, ये रे माझ्या मागल्या, जागच्या जागी. तिनं प्रकाशकांना लिहिलं. त्यांचं म्हणणं, लेखकानं सांगितलं तर आम्ही काय वाटेल ते बदलू. लेखकाचं म्हणणं, विद्यापीठाला चालतंय ना, मग झालं. तिनं विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाला लिहिलं. पालथ्या घड्यावर पाणी घालून त्याचीही सवय होते माणसाला. मंडळानं सुबक उत्तर दिलं की नेमलेल्या पुस्तकात जे आहे तेच ग्राह्य, आणि पुस्तकाबाबतच्या सूचना कृपया प्रकाशकांकडे कराव्यात. अशा तीन चौकटी होत्या त्या, आणि तिची प्रत्येक ओळ त्यांना बाहेरून वळसा घालून पुन्हा तिच्याच टेबलावर येऊन पडायची.

एवढ्यावरही तिनं फळ्यावर कधी उलटा बाण काढला नाही. दर वर्षी ती बरोबर आकृती काढायची, पुस्तकातली चूक आहे म्हणून सांगायची आणि मग तिला स्वतःच्याच आवाजात जरासा आखडून ठेवलेला अभिमान ऐकू यायचा. मुलं मान डोलवायची आणि परीक्षेत पुस्तकातली आकृती काढून पास व्हायची. मुलं व्यवहारी होती, म्हणून तिचं तत्त्व इतकी वर्षं फुकटात टिकलं होतं. मग गेल्या वर्षी ती मुलगी वर्गात आली. अकाउंट्सच्या सरांनी पहिल्याच महिन्यात तिचं नाव शंकासुर ठेवलं. काळी-सावळी, हडकुळी, कायम दप्तर पोटाशी धरून बसणारी. हात वर करायची आणि तो खाली घ्यायचीच नाही. "म्हणजे मॅडम, आउटपुटच परत इनपुट होतं का, की त्याची नुसती बातमी जाते?" असा प्रश्न या इमारतीत कोणी कधी विचारला नव्हता. त्या दिवशी तिनं तास संपल्यावरही फळा पुसला नाही. टाकी, डबा, नळ, सगळं काढून दाखवलं. शंकासुर म्हणाली, "म्हणजे बातमीच जाते. पाणी कुठं परत जातंय." आणि परीक्षेत तिनं तेच काढलं, तिसरीतून पहिलीकडे, आणि खाली पानभर टाकीसकट समजावून लिहिलं. तपासणाऱ्यानं सगळ्या प्रश्नावर एक तांबडी फुली मारली. तेवढ्याच गुणांनी ती त्या एका विषयात राहिली, आणि त्यांच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला की दुसऱ्या वर्षाला बसू देत नाहीत. फेरतपासणीतही मंडळाचं तेच सुबक वाक्य. ती आईवडिलांपासून लांब, मावशीकडे राहायची, मावशीच्या इस्त्रीच्या दुकानात संध्याकाळी बसायची. मावशीनं सांगितलं होतं, आणखी एकदा बस, नाहीतर शिक्षण पुरे, पूर्ण वेळ दुकानात ये, माझेही पाय आता उभे राहत नाहीत. हे सांगायला ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "तुम्हीच शिकवलं होतं ना मॅडम, म्हणून मी नीट लिहिलं." तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तिनं टेबलावर ठेवली होती. टाकीचं चित्र छान आलं होतं. डब्यावर तिनं सावलीसुद्धा दाखवली होती.

तेव्हा ती त्या मुलीला म्हणाली होती, नवी आवृत्ती येतेय, तिच्यात बरोबर होईल, मंडळ पुस्तक मानतं ना, मग पुस्तकच बदलू. म्हणाली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. पण दोन महिन्यांनी सरांचा फोन आला, आता माझ्यानं होत नाही, नव्या प्रकरणांचं तू बघ, नाव तुझंही घालायला सांगितलंय. प्रकाशकांनी या खेपेला छपाईआधीची तपासायची पानं दोघांकडे वेगवेगळी पाठवली. ती पानं आली त्या दुपारी तिनं दार लावून घेतलं, जणू काही चोरी करायची होती. आणि चोरीच होती ती. सरांना सांगितलं तर ते पुन्हा पुढच्या आवृत्तीत म्हणतील, म्हणून तिनं त्यांना सांगायचंच नाही असं ठरवलं. लाल पेन घेतलं, त्या रेघेभोवती गोल केला, समासात लिहिलं, 'बाण उलटा करा', आणि खाली दुहेरी रेघ ओढली. इतक्या वर्षांचं काम तीन शब्दांत झालं. पाकीट तिनं स्वतः नेऊन दिलं. येताना तिला वाटेतली झाडं दिसली, म्हणजे ती रोजच असायची, पण दिसली. आता परीक्षा सोमवारी होती, आणि शंकासुर आज दुपारी नवं पुस्तक बघायला येणार होती.

सरांचं घर कॉलेजच्या मागच्या रस्त्याला, चालत जाण्याइतकं. ती पुस्तक छातीशी धरून निघाली आणि तिला जाणवलं की आपण ते शंकासुरसारखंच धरलंय, म्हणून तिनं ते पिशवीत कोंबलं. डोक्यात वाक्यं तयार होत होती. तुम्हीच परत फिरवलात ना, सर? पानं शेवटी तुमच्याकडेच गेली असणार. माझ्या नावाचं शेपूट लावून दिलंत आणि शेपटाबरोबर ही चूकही माझ्या पदरात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे शेवटचं वाक्य तिला फार आवडलं आणि ते कुठं घालायचं याचा विचार करत तिनं रस्ता ओलांडला. एका स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि काहीतरी ओरडला. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, की तोच वरमून निघून गेला. राग चांगला असतो, तिला वाटलं, त्याला जायला जागा असली म्हणजे. नळात कोंडलेल्या हवेसारखा तो इतकी वर्षं नुसता घरघरत होता, आज तोटी उघडणार होती. सरांच्या इमारतीच्या जिन्यात फिनेलचा वास होता. प्रत्येक मजल्यावर ती एकेक वाक्य गाळत गेली. दारापाशी पोचली तेव्हा एकच उरलं होतं, का?

दार काकूंनी उघडलं. "ये गं बाई. पुस्तक आणलंस? सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेत, औषधाचीसुद्धा शुद्ध नाही." सर खिडकीशी खुर्चीत होते. गेल्या वेळेपेक्षा निम्मे झाल्यासारखे, स्वेटरमध्ये हात शोधावे लागत होते. त्यांनी पुस्तक घेतलं, मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेलं, तिच्या नावावरून अंगठा फिरवला आणि पुटपुटले, टाइप बारीक घेतला लेकाच्यांनी, मी मोठा सांगितला होता. ती बसली नाही. म्हणाली, पहिलं प्रकरण बघा, सर. त्यावर ते हसले. खट्याळ पोरासारखे. "बघितलंस तू? मला वाटलंच होतं, आधी तेच बघशील. मग? खूश?"

क्षणभर तिला वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय. "कशावर खूश होऊ, सर?" ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बराच वर गेला. आत काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

सरांनी भिंग मागून घेतलं. पान लावलं. भिंग रेघेवरून डावीकडून उजवीकडे गेलं, मग उजवीकडून डावीकडे, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी हळूच काढून घेतल्यासारखं गेलं. "हे असं कसं?" ते म्हणाले. "मी उलटा करायला सांगितला होता."

"तुम्ही?"

"मी. माझ्या हातानं. लाल पेनानं लिहिलं."

ती खाली बसली. सर तिच्याकडे न बघता बोलत होते, अडखळत, मध्येच थांबून, आणि जे ते सांगत होते ते असं होतं, की वर्षभरापूर्वी त्यांची साखर फार वाढली, तेव्हापासून काकू रोज सकाळी बोटाला टोचून आकडा बघतात आणि मग किती औषध द्यायचं ते ठरवतात. एकदा त्यांनी काकूंना विचारलं, आधी औषध घेतो आणि मग बघू आकडा, काय बिघडतं. काकू म्हणाल्या, "आकडा कळल्याशिवाय औषध कसं ठरवू, तुम्ही तर प्रोफेसर होतात ना?" सर म्हणाले, "त्या दिवशी तुझा बाण कळला मला. तोवर तो नुसता कागदावर होता गं." मग पानं आली तेव्हा त्यांनी भिंगाखाली धरून पहिलं काम तेच केलं. तिला फोन करायला उचललासुद्धा होता. "मग म्हटलं, सांगायचं कशाला. पुस्तकातच बघेल. तेवढंच."

आणि तिनंही त्यांच्यापासून चोरून तेच लिहिलं होतं. हे तिनं त्यांना सांगितलं. तिला जिन्यातला दिवा आठवला, दादा खाली, ती वर. पण खात्री करून घ्यायची तिची सवय जात नव्हती. तिनं तिथूनच प्रकाशकांकडे फोन लावला आणि आकृत्या काढणाऱ्या माणसाला फोनवर बोलावलं. तो बिचारा सरळ माणूस होता. त्यानं सगळं नीट आठवून सांगितलं. "मॅडम, तुमची पानं आधी आली. 'बाण उलटा करा'. मी केला. मग सरांची आली, त्यांच्यातही तेच, 'बाण उलटा करा'. म्हटलं, सरांना पूर्वीचाच हवा असेल. मोठ्या माणसांचं ऐकावं. पुन्हा उलटा केला."

"एकदा विचारायचं तरी."

"विचारलं की लेखक म्हणतात, लिहिलंय ते वाचता येत नाही का," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती, नुसता अनुभव होता.

फोन ठेवून तिनं ते सरांना सांगितलं. त्या माणसाचं काय चुकलं? त्याला काढून ठेव म्हटलं तर तो काढून ठेवणार, फिरव म्हटलं तर फिरवणार. कुठून कुठे, ते कोणी लिहिलंच नव्हतं. 'टोक पहिल्या चौकटीकडे असावं' एवढं लिहिलं असतं तर तो दहा वेळा वाचूनही एकाच जागी थांबला असता. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाला एक डेमॉन्स्ट्रेटर होता. कोणी नुसतं 'सुई सरकली' असं लिहिलं की तो वही परत फेकायचा, कुठून कुठे सरकली, माझ्या घरी की तुझ्या? त्यावर ती हसायची, कारण तिची वही कधीच परत यायची नाही. स्वतःच्या वर्गात तीही मुलांना हेच सांगत आली होती, की आधी कुठं उभे आहात ते सांगा, मग कुठं वळायचं ते. आणि जन्मात एकदाच जे नीट लिहायचं होतं तिथं तिनं लिहिलं, उलटा करा. कशाच्या उलटा? आपल्याला जे डोळ्यांसमोर दिसतंय तेच सगळ्या जगाला दिसतंय, असं धरून चालली होती ती. सरही तसेच. इतक्या वर्षांत दोघांना पहिल्यांदाच एक गोष्ट पटली होती, ती दोघांनी एकमेकांपासून लपवून ठेवली होती आणि एकानं दुसऱ्याची नीट खोडून टाकली होती. सर म्हणत होते, मी मंडळाला पत्र लिहितो, आजच लिहितो, हिला मजकूर सांगतो, मला सही जमते. ती हो म्हणत होती. मंडळाच्या बैठका कधी होतात ते दोघांनाही माहीत होतं आणि सोमवार कधी येतो तेही. "मग आता काय करायचं गं?" सर म्हणाले. ते आजवर तिला 'हे कर' म्हणाले होते, 'ते नको' म्हणाले होते, पण काय करायचं असं कधी विचारलं नव्हतं. तिला त्यांच्यावर रागवायचं होतं. निदान तेवढं तरी त्यांनी ठेवायला हवं होतं तिला. काकूंनी चहाबरोबर बिनसाखरेची बिस्किटं आणून ठेवली आणि तिनं ती मुकाट खाल्ली, तोंडात भुसा फिरावा तशी ती फिरत राहिली. निघताना सर म्हणाले, "नाव मात्र मोठ्या टाइपात घ्यायला लावू, पुढच्या आवृत्तीत." आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी भिंग उचलून पुसायला घेतलं.

ती परतली तेव्हा शंकासुर स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर जुनं पुस्तक, पाठीला दोनदा चिकटपट्टी लावलेलं. बोटांवर इस्त्रीचे बारीक चटके, काही नवे, काही काळे पडलेले. नवं पुस्तक बघून ती उभी राहिली आणि आधी मुखपृष्ठावरचं नाव वाचून म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव!" तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, आणि तो तिथं थोडा वेळ राहू द्यावा म्हणून तिनं पुस्तक मिटलेलंच तिच्या हातात दिलं. मग मुलीनंच पान उघडलं. बघितलं. वर बघितलं. मुलीला शेजारी बसवून तिनं सगळं सांगितलं, लाल पेन, सरांची साखर, आकृत्यांचा माणूस, काही न लपवता, कारण एवढं तरी ती मुलीचं देणं लागत होती. सांगता सांगता मुलीच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "म्हणजे दोघांनीही..." ती म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मग मुलीला हसू आवरेना. तिलाही आलं. दोघी बाकावर बसून हसल्या, आणि अकाउंट्सचे सर जाताना म्हणाले, वा, शंकासुराला हसताही येतं.

हसू संपल्यावर मुलगी म्हणाली, "मग सोमवारी?"

बरोबर असेल तेच लिही, असं म्हणणं किती सोपं होतं. तिच्या तोंडात ते वाक्य इतकी वर्षं बसून गुळगुळीत झालं होतं. सोमवारी पेपर लिहायला ती स्वतः बसणार नव्हती. नापास झालं तर दुकानात उभी राहणार होती ती दुसरीच कोणी. तुझं तू ठरव, असंही म्हणता आलं असतं, आणि ते तर याहून वाईट. वर्ग भरल्याची घंटा झाली. कॉरिडॉरमधून मुलांचा लोंढा गेला, आणि तो जाईपर्यंत तिनं मुलीच्या बोटांवरचे चटके पाहिले.

"पुस्तकातला काढ," ती म्हणाली.

आणि ती थांबली. आता हात वर होईल, मग तो खाली येणार नाही. पण चूक आहे ना, मॅडम? मग तुम्ही फळ्यावर बरोबर का काढला होता? मग सर्वांनीच असं केलं तर? प्रत्येकाला द्यायला तिच्यापाशी काहीतरी होतं, अपुरं, खजील, पण होतं. ती वाट बघत राहिली. टाकीच्या काठावर बाबांनी धरलं होतं तेव्हा डबा वर येण्याची बघितली होती तशी.

"बरं, मॅडम," मुलगी म्हणाली.

मुलीनं दप्तरातून पेन काढलं, जुन्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन चौकटी काढल्या, दोन आखूड बाण काढले, आणि मग पहिल्या चौकटीतून निघून, मधलीला खालून वळसा घालून, तिसरीत शिरणारी ती लांब रेघ काढली. एकदाही न थांबता. हाताला सवय व्हावी म्हणून तिनं त्याखाली तीच आकृती पुन्हा काढली, आणि मग पुन्हा. टोक प्रत्येक वेळी नेमकं, पुस्तकात होतं तिथंच येत होतं.